करणी, कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत

सामान साधंच:
कोळणीकडून घेतलेला पन्नास रुपयांचा सुका जवळा,
दोन कांदे, त्यातला एक कोंब आलेला,
आमसुलं चार. चार म्हणजे चारच.
पाचवं पडलं की आंबट होतो माणूस, कालवण नाही.

जवळा आधी कोरडा परतते.
चेंबूरच्या या तिसऱ्या मजल्यावर
वास पहिल्यांदा जिन्यात जातो, मग लिफ्टमध्ये,
समोरच्या बरवेबाई दार लावून घेतात.
घेऊ देत. त्यांच्यासाठी नाहीच हा मंत्र.

सकाळी तुला जे बोलले, प्रसेनजित,
ते या कढईत आहे, मिरच्यांच्या बाजूला.
डाव उलटा फिरवते, घड्याळाच्या विरुद्ध,
सात वेळा.
पाचव्याला फोन वाजतो: कर्ज हवंय का, मॅडम?
नको.
मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

मीठ चिमटीतून सोडताना नाव घ्यायचं असतं,
ओठ न हलवता.
लसूण ठेचताना घ्यायचं नसतं.
मोहरी तडतडली तर दृष्ट होती,
नाही तडतडली तर मोहरी जुनी आहे.

काचेच्या दोन थाळ्या. टवका उडालेली माझी.

तू येतोस. हेल्मेट फ्रिजवर.
बूट काढायच्या आधीच झाकण उचलतोस,
चष्म्यावर वाफ धरते,
आणि कुणालाच न दिसणारा तू
म्हणतोस, "जवळा?"

सकाळपासूनचा तुझा पहिला शब्द.

आता पापड तेवढा भाजायचा राहिलाय.
त्यात जादू नाही काही,
त्याच्यापासून नजर हलवायची नाही, एवढंच.