पेटी

परदेशीपुऱ्यात, गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून
दहा बाय बाराची एक खोली.
टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं संतलाल कोरीच्या हातात.
तो विचारतो, "मैडम, कितनी पेटी?"
पेटी म्हणजे लाख.
प्रॉपर्टीवाल्यांचा शब्द, आता सगळ्यांच्या तोंडी.

मी बँकेची माणूस. किंमत ठरवते. हसत नाही.
छत : पत्रा. भिंत : ओल, कमरेपर्यंत.
मालकी : वाद कोर्टात.
भोंगा कुठल्या साली थांबला, ते लिहायला
फॉर्मात जागा नाही.

पेटी हा शब्द आमच्या घरातही आहे,
पण त्यात अफू असायची.

भिकाजीपंत खांबेटे, माझ्या पणजोबांचे वडील,
वाईकडून आले ते तलवार घेऊन नव्हे.
तोवर लढाया आटोपल्या होत्या,
तहांवरची शाई वाळली होती
आणि इथून पुढे शाईलाच काम होतं.
छावणीत, साहेबाच्या काट्यापाशी
त्यांना बैठक मिळाली : चटई, दौत, टाक.
माळव्याच्या पोस्ताचा चीक
जवसाच्या तेलात मुरून, गोळे होऊन
पेटीत बसायचा.
पेटीमागं सहाशे रुपये सरकारात भरले
की परवाना.
मग बैल, मग रेल्वे, मग मुंबईची गोदी, मग चीन.
चीनमध्ये त्या धुरात कोण आडवं झालं
हे त्यांच्या वहीत नाही.
वहीत फक्त वजन आहे.

(वही मोडीत. मला मोडी येत नाही.
पानाला चाळीस रुपये देऊन वाचून घेतली.
वाचणारा म्हणाला, अक्षर फार स्वच्छ आहे हो.)

त्या स्वच्छ अक्षरावर
मुलगा शाळेत गेला, नातू वकील झाला,
रामबागेत जागा झाली,
आणि मी पंख्याखाली बसून
दुसऱ्यांच्या घरांचे आकडे काढायला शिकले.

अफूचा पैसा मात्र काट्यापाशी बसून राहिला नाही.
सावकाराच्या गादीखालून निघाला,
साचा झाला, सूत झाला, चिमणी झाला.
चिमणीला माणसं लागली.
संतलालचे आजोबा रामसुमेर आले आझमगढकडून,
जातीचे विणकर;
विलायती धोतरजोडीनं घरचा माग
बापाच्या वेळीच अडगळीत टाकला होता.
स्वतःचा माग गेला
म्हणून दुसऱ्याचा चालवायला इतक्या लांब.

वस्तीला नाव पडलं परदेशीपुरा.
आम्ही आधी आलो, म्हणून आम्ही परदेशी नाही,
आम्ही दक्षिणी.
पुण्याची मावसबहीण म्हणते,
"काय गोड हिंदी आहे गं तुमचं मराठी!"

एकाच पेटीतून निघालो आम्ही दोघं.
मी अक्षराच्या बाजूनं, तो कापसाच्या.
रामसुमेरच्या छातीत ते तूस शेवटपर्यंत होतं,
आमच्या कपाटात वही.
वारसा दोन्ही.
कर्ज मात्र एकावरच मिळतं.

उंबऱ्यात संतलालची मुलगी
मोबाइलवर कॉलेजचा अर्ज भरते आहे. बंगळुरूचं कॉलेज.
एका रकान्यापाशी थांबली आहे.
"पापा, स्थायी पता क्या लिखूँ?"
तो माझ्याकडे बघतो,
जणू हेही मीच मोजून सांगणार.

मी टेप सोडते.
ती सर्रकन परत येते, बोटाला किंचित कापते.
आकडा आत्ता सांगता येत नाही, मी म्हणते,
रिपोर्ट बँकेत जाईल.
गुडघ्यावर कागद ठेवून सही करते.
माझंही अक्षर, ऑफिसात सगळे म्हणतात,
फार स्वच्छ आहे.