दानपेटीची किल्ली

निवडणूक हरून अकरा दिवस झाले.
इंदोऱ्यातल्या विहाराची ही किल्ली
अजून माझ्याच पायजम्याच्या नाडीला.
नवा अध्यक्ष गजभिये
मागायलाही येत नाही,
तेच जास्त झोंबतं.

पेटीत असतं तरी काय?
दहा-वीसच्या घामेजल्या नोटा,
कुणीतरी खपवलेली फाटकी पन्नासची.
त्यातला एक रुपया कधी घेतला नाही मी.
घेतलं ते पावतीवर येत नाही:
वंदनेला पहिली रांग,
भंतेजींच्या शेजारची खुर्ची,
आणि ‘साहेब, कुलूप खोलता का?’
यातलं ते साहेब.

रविवारच्या वर्गात मीच लिहून दिलं होतं फळ्यावर,
तण्हा म्हणजे तहान.
पोरांनी वहीत उतरवलं,
मी खडूचे हात झटकले.

रात्रीचे दोन. मे महिना.
कूलरमधलं पाणी कधीच संपलंय,
कोरड्या वाळ्यातून भट्टीसारखी हवा,
तरी त्याच्यासमोरून उठवत नाही.

रत्नमाला उठली, बादली ओतली,
म्हणाली,
‘किल्ली काढून झोपा जी,
पोटाले रुतते.’

खरंच, वळ होता.
तो चोळायला हात नेला
तर आधी
किल्लीच चाचपली.