एकास पंचवीस

साउथ बेंड, इंडियाना. तळघर.
वरून मीठ पसरणारा ट्रक गेला
की टेबलावरच्या रंगाच्या बाटल्या
एकमेकींना हळूच टेकतात.
एर्नो साबादोश, वय एकाहत्तर,
कपाळावर भिंगाचा चष्मा, मांडीवर फाटका टॉवेल.
समोर बरणीत ब्रेक ऑइल
आणि त्यात बुडालेली मोटार,
तळहाताएवढी.

तिसऱ्या दिवशी रंग सैल होतो,
दुधावरच्या सायीसारख्या त्याला सुरकुत्या पडतात.
एर्नो जुन्या टूथब्रशने घासतो.
सोनेरी निघतो. खाली काळं.
काळं निघत नाही.
तो रंग नाहीच, प्लास्टिक जळलंय,
टप वितळून मागच्या सीटवर बसलाय
एखाद्या दमलेल्या माणसासारखा.

आई गेल्यावर ही सापडली, बटणांच्या डब्यात.
आईनं फेकली नव्हती.
कुणाला दाखवलीही नव्हती.

त्रेसष्ट साल. नाताळ पाच दिवसांवर,
आणि कारखान्यातून शेवटची स्टुडबेकर बाहेर पडली.
बाप तिथं दारं बसवायचा. चौदा वर्षं.
तिबोरसाठी त्यानं मॉडेलचं खोकं आधीच आणून ठेवलं होतं,
ते परत कसं करणार?
तिबोरनं ती जोडली, सोनेरी रंगवली,
रेडिओवर ठेवली.
मार्चमध्ये मागच्या अंगणात, बर्फात,
ती पेटली.
काडेपेटी एर्नोच्या हातात सापडली.
बापानं आयुष्यात एकदाच मारलं. ते तेव्हा.

आता एर्नो दुसऱ्या मोडक्या मॉडेलचा टप कापून घेतो,
पातळ करवतीनं, श्वास रोखून.
जोड भरतो लांबीनं, घासतो पाण्याखाली,
चारशे, आठशे, पंधराशे नंबरचा कागद,
बोट फिरवून बघतो: लागतंय. पुन्हा घासतो.
पर्वताची राई करायचा हा उद्योग,
आणि राईतसुद्धा दाराची फट दिसली पाहिजे,
नाहीतर बाप म्हणाला असता,
दार बसलं नाही, एर्नो.

खोक्यावर छापलंय: एकास पंचवीस.
नऊ वर्षांच्या पोरानं केलेल्या गुन्ह्याचं
प्रमाण किती धरायचं,
ते कुठल्याच खोक्यावर नाही.

रविवारी फोन. तिबोर, फिनिक्सहून.
मागे ऑक्सिजनचं यंत्र धापा टाकतंय.
एर्नो सांगतो: तुझी गाडी दुरुस्त करतोय रे,
मी जाळलेली.
यंत्र तीनदा धापा टाकतं.
"तू कुठं जाळलीस? मी जाळली.
तुला फक्त काडेपेटी धरायला दिली होती."
"पण का?"
"बाबा रोज संध्याकाळी रेडिओसमोर बसायचे.
आपल्याला वाटायचं बातम्या ऐकतायत.
रेडिओ बंद असायचा, एर्नो."

मग तिबोर उन्हाबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल,
शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल.
एर्नो हं, हं म्हणत राहिला.

रात्री मेणबत्ती लावून
त्यानं प्लास्टिकची एक काडी ज्योतीवर धरली,
मऊ पडताच दोन्ही हातांनी ताणली.
केसाएवढी तार झाली. रेडिओची एरियल.
तेवढ्यात चिमट्यातून आरसा निसटला,
मागचं दाखवणारा, तांदळाच्या कणीएवढा,
आणि गालिच्यानं गिळला.

एर्नो गुडघ्यांवर, हातात टॉर्च.
गालावर साठ वर्षांपूर्वीची ती जागा
उगाचच हाताला लागली.
राग कुणावर काढायचा ते सुचेना.
बाप मातीत, तिबोर नळीवर,
आणि टप तर आता इतका गुळगुळीत
की जोड त्याला स्वतःलाच सापडेना.

बुधवारी लोरेटा कपडे वाळवणीच्या यंत्रातून काढत होती.
जिन्यावरून तिनं हाक मारली,
चिमटीत त्याचा करडा मोजा,
मोज्याला चिकटलेलं काहीतरी चमकणारं.
"हे तुझं का?"

"हो," एर्नो म्हणाला.
मग म्हणाला, "नाही. तिबोरचं.
पण आण इकडे."