चार ग्रॅम

दोन माहितीपत्रकं आली, एकाच आठवड्यात.
एक बावधनच्या टेकडीमागचं, जाड, गुळगुळीत,
मुखपृष्ठावर काचेची इमारत आणि हसरी माणसं.
दुसरं कर्वेनगरचं, एकरंगी,
संध्याकाळचे वर्ग,
‘पुरवठा साखळी’मधला पहिला उकार पुसट.

पहिल्याचं नाव घेतलं की मामा खुर्चीत ताठ होतात.
दुसऱ्याचं घेतलं की म्हणतात, नक्की कुठं आलं ते?

शनिवारी दोन्हीकडे जाऊन आले.
टेकडीवर टाय लावलेल्या मुलानं
सरासरी पगाराचा आकडा सांगितला,
नवस सांगावा तशा आवाजात.
मी विचारलं, सगळ्यात कमी किती मिळाला, आणि कुणाला?
तो म्हणाला, कॉफी घेणार?

कर्वेनगरला शिपाई भेटले, कुदळेकाका.
म्हणाले, सर साडेसातला येतात, चाकणहून, थेट प्लांटमधून,
बुटांना ग्रीस असतं, फरशी मलाच पुसावी लागते.
ही तक्रार मी वहीत उतरवून घेतली.

अर्जात दोघांचा प्रश्न एकच:
दहा वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? तीनशे शब्द.
टेकडीसाठी ‘नेतृत्व’ पाच वेळा लिहिलं
तरी दोनशे दहावर अडकले.
दुसऱ्यासाठी वाघोलीचं आमचं गोदाम लिहिलं,
फाटकाबाहेर अकरा तास उभा राहणारा ट्रक,
आणि ड्रायव्हर, जो चाकाच्या सावलीत झोपतो
आणि सावली सरकली की सरकतो.
तो का थांबतो, हे मला कळायला हवंय.
चाळीस शब्द जास्त झाले. कापवेनात.

पण खोटं कशाला, नावाची हाव मलाही आहे.
लग्नपत्रिकेत कंसात ते कसं दिसेल
हेही बघून झालंय.

उद्या पाचपर्यंत पैसे भरायचे.
रविवार पेठेत, वडके स्केल सर्व्हिसमध्ये,
बाबा एका रद्दीवाल्याचा काटा उघडून बसलेले.
मी काही बोलायच्या आत त्यांनी पत्रकं घेतली,
न वाचता एकेक करून काट्यावर ठेवली.
सहाशे चव्वेचाळीस. चौऱ्याण्णव.
“रद्दीत पहिल्याचे जास्त येतील,” म्हणाले.
मी हसले नाही. तेही नाही.

मग दोन्ही उतरवली.
वर काही नव्हतं, तरी काटा
चार ग्रॅम दाखवत होता.

“आधी हे काढायला हवं,”
चष्मा कपाळावर सारत ते म्हणाले
आणि हात पुढे केला,
बारका स्क्रू-ड्रायव्हर दे गं,
पिवळ्या मुठीचा.