काय घडलं ते थोडक्यात लिहा

विम्याच्या फॉर्मवर चार ओळींची जागा आहे.
पहिली तारीख-वेळेतच गेली:
ओकली, कॅन्सस. ऑक्टोबर. दुपारचे तीन वीस.
वारा नैर्ऋत्येचा, चौदा, झोत बावीसपर्यंत.

वर असताना सगळं ठीक होतं, हे आधी लिहायला हवं.
धावपट्टी दक्षिणेकडे, आणि मी नाक उजवीकडे वळवून
खेकड्यासारखी तिरपी तिरपी तिच्यावर येत होते.
जायचं एकीकडे, तोंड दुसरीकडे:
हे मला जमतं. तीस वर्षं या देशात
दुसरं केलंय काय?
नको, हे खोडते. विमा कंपनीला त्याचं काय.

वाऱ्याचा नारिंगी मोजा
आत कुणी पाय घातल्यासारखा ताठ.
शेडच्या सावलीत अल्विन ड्रायलिंग, खुर्ची उलटी करून बसलेला.
चाळीस वर्षं पिकांवर फवारणी केली त्याने.
हात हलवला नाही.
उतरणाऱ्याला हात दाखवू नये, असं तो मानतो.

वारा येईल तशी पाठ द्यावी:
आमच्या घरात हे शहाणपण होतं. बाबांनी
तीन साहेब आणि एक आणीबाणी त्यावर काढली.
विमानाला ते चालत नाही.
वाऱ्याकडे खांदा पाडावा लागतो,
आणि उलट्या पायाने समजवावं लागतं
की तिकडे नाही गं, सरळ.

उजवं चाक टेकलं. एकटंच.
मग डावं.
मग शेपटीचं, सामानाच्या ट्रॉलीला असतं तेवढं,
खडखडलं,
आणि मी मनात म्हटलं, गंगेत घोडं न्हालं.

मराठीतच म्हटलं. नोंद करून ठेवते.
कारण त्या तीन शब्दांएवढ्या वेळात
मुठीतली दांडी सैल पडली
आणि पाय, घरी पोचल्यासारखे, चपला शोधू लागले.

घोडं न्हालं नव्हतं.

एक झोत आला. मोठा नव्हता, खरं सांगते.
त्याने शेपटी धरली, दाराची कडी धरावी तशी,
आणि कॅन्सस
माझ्या समोरून डावीकडे ओढलं गेलं, अख्खं.
मी पाय दाबला. आणखी दाबला.
अंधारात नसलेल्या पायरीवर पाऊल पडावं, तसं.
वेग संपला होता, म्हणजे सुकाणूला धरायला
पुरेसा वारा नव्हता.
आणि वारा तर एवढा होता!

दिवे गेले. गवत आलं.
डाव्या पंखाचं टोक जमिनीला लागलं तेव्हा
दुकानात थान फाडतात तो आवाज आला.
या जातीच्या विमानाचे पंख कापडाचेच असतात.

मग ज्वारी.

हो, ज्वारीच. इथे तिला मायलो म्हणतात, गुरांना घालतात.
बुटकी. विटकरी कणसं.
पंख्याने उडवलेले दाणे काचेवर तडतडले
आणि सगळं थांबलं.

स्विच बंद केले, शिकवलेल्या क्रमाने.
हात थरथरत होते की नाही, आठवत नाही.
विमान मात्र आता अगदी निवांत
वाऱ्याला तोंड देऊन उभं होतं.
टेकल्यापासून त्याला एवढंच तर हवं होतं.

अल्विन चालत आला. धावला नाही.
आधी पंख पाहिला, मग मला.
"मॅंडी," म्हणाला (मंदाकिनी त्याला कधी जमलं नाही),
"दोरीने बांधून होईपर्यंत ते उतरलेलं नसतं, हे मी तुला..."
आणि पुढचं गिळलं.
एक कणीस मोडलं, तळव्यावर चोळलं,
कोंडा फुंकायची गरजच पडली नाही, वारा होता.
दोन दाणे दातांखाली फोडून म्हणाला,
"अजून ओल आहे. आठवडा लागेल कापणीला."
उरलेले माझ्या हातावर ठेवले.

चौथी ओळ. दिशेवर ताबा राहिला नाही.
नुकसान: डावा पंख, टोकाकडचा भाग.
आणि ज्वारीच्या सहा ओळी.
मालकाचं नाव विचारून कळवते.