हातचा एक

शनिवारी रात्री पिरिस सर अकरा नावं लिहितात,
शाळेच्याच वहीत, चौकटीच्या कागदावर.
दिवसा ते सातवीला गणित शिकवतात,
संध्याकाळी आमच्या पोरांना फुटबॉल.
आज दहा नावं झाली आणि पेन थांबलं.

खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास,
दिव्याभोवती नदीवरचे किडे.
कडू येर्बाचा तुंबा माझ्याकडे सरकवत म्हणाले,
"नेलिदा, त्या पायाचं सांग."

मी एकवीस वर्षं पायसान्दूच्या मांसाच्या कारखान्यात सुरी चालवली.
स्नायू कुठे सुटतो, कुठे चिवटपणे धरून राहतो
हे मला पुस्तकात बघावं लागत नाही.
आता जिवंत मांड्या चोळते.
फरक इतकाच की या खोटं बोलतात.

एलियासीनची डावी मांडी, मागची बाजू,
गुडघ्याच्या वीतभर वर
अंगठ्याला एक गाठ लागते, मसुरीच्या दाण्याएवढी.
बुधवारी नव्हती.
गुरुवारी होती.
काल दाबली तेव्हा तो हसला;
गुदगुल्या होणारा माणूस असा हसत नाही.

"दुखत नाही गं, शपथ."
एकोणीस वर्षांचा आहे. दुखणं अंगावर काढणं
म्हणजे मर्दपणा, असं त्याला वाटतं,
त्याच्या बापाला वाटतं, अख्ख्या गावाला वाटतं.
त्यात उद्या माँतेविदेओहून
कुणी पारखी येणार म्हणे, राखाडी गाडीतून.

"उपांत्य सामना आहे," मी म्हटलं.
"हरलो तर पुढे सामनाच नाही.
मग राखून ठेवलेला कुणासाठी?"

सर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "वाल्देमारला मी उतरवलं होतं."
एवढंच.
वाल्देमार आता पुलावर टोल घेतो,
जिना आडवा उतरतो, खेकड्यासारखा.
त्या वर्षीचा चषक क्लबातच आहे,
त्यात आम्ही पेनं ठेवतो.

"बेरीज करताना पोरं नेहमी
हातचा विसरतात," सर म्हणाले,
आणि अकरावं नाव लिहिलं:
ओरेस्तेस, पाववाल्याचा मुलगा.

हरलो.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ओरेस्तेससमोर रिकामा गोल होता
आणि चेंडू गेला थेट नदीच्या दिशेने.
राखाडी गाडी मध्यंतरालाच निघून गेली होती.
कुणीतरी विचारलं, सरांना समोरच्यांनी किती दिले.
एलियासीन बाकावर, डोक्यावर टॉवेल,
त्याच्या न वापरलेल्या बुटांना
गवताचं एक पातंही चिकटलेलं नाही.

तुटणाऱ्या स्नायूचा आवाज येतो.
मी ऐकलाय, बाकावर बसून,
ओली दोरी तुटावी तसा.
न तुटलेल्याचा येत नाही.
तो कुणाला ऐकवणार?
वर्तमानपत्रात छापून येत नाही
की काल अमुक मैदानावर
अमुक मांडीला काहीच झालं नाही.

आणि खरं सांगू, रात्री मलाही झोप नाही.
मसुरीएवढी गाठ, दोन दिवसांत विरलीही असती.
माझा अंगठा काही देवाचा नाही.
वीस मिनिटं तरी खेळवायचा होता का?
शेवटची वीस?
हे मी सरांना विचारलेलं नाही.

सोमवारी मासेवाल्याने माझ्याकडे न बघता सुटे पैसे दिले.
सरांच्या वर्गात फळ्यावर कुणी शिवी लिहून ठेवली होती.
त्यांनी अर्धी पुसली,
उरलेल्या अक्षरांखाली रेघ मारली
आणि अपूर्णांक शिकवायला घेतले.

मंगळवारी नदीकाठी एलियासीन दिसला.
धाकट्या बहिणीचा कुत्रा पट्टा सोडवून पळालेला,
हा त्याच्या मागे.
मला पाहून त्याने मान फिरवली.
फिरवू दे.
मी त्याचा डावा पाय बघत राहिले,
पडतो कसा, उचलतो कसा,
वाळूत, चढावर, परत वाळूत,
कुत्रा हाती लागेपर्यंत.