उजवीकडून पुसताना

बोल्टनच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेनऊला
फळ्यावर एवढंच होतं:
७३९३९१३३

ऑर्मरॉड सरांचं अक्षर. मध्ये स्वल्पविराम नाही.
इथली माणसं मागून तीन-तीन आकडे तोडतात,
मी माझ्या सवयीने वाचलं:
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
एकोणचाळीस, एकोणचाळीस,
हा ठेका इंग्रजीत वाचणाऱ्याला ऐकूच येत नाही.

बादली खाली ठेवली.
अंकांची बेरीज अडतीस, म्हणजे तीन बाद.
सातने भागलं, दोन उरले. तेराने आठ.
सतराने तेरा.
परभणीत सातवी-ब ला हेच तर शिकवायचे,
नऊ वर्षं, हातात खडू,
आता त्याच हातात ओलं फडकं.

पुसायचं तर होतंच. ट्रॉली उजवीकडे होती,
म्हणून उजवीकडून सुरुवात केली.
तीन गेला, तीन गेला, एक गेला, नऊ, तीन...
सातशे एकोणचाळीसवर हात थांबला.
तेवीस बत्तीसे सातशे छत्तीस, उरले तीन.
फुटत नाही.
नऊ पुसला. त्र्याहत्तर. फुटत नाही.
तीन पुसला. सात.

मग शंका आली, पुसून टाकलेल्यांचीच.
निळ्या टिशूवर सात हजार तीनशे त्र्याण्णव मांडले,
त्र्याऐंशीपर्यंत एकेक भाजक लावून पाहिला.
साडेनऊची बस गेली.
तीही मूळ निघाली.

डावीकडून पुसलं असतं
तर शेवटी एकशे तेहतीस राहिले असते,
एकोणीस सत्ते तेहेतीसासे,
पोरांनीही फोडले असते.

कँटीनची ग्लेनिस दर आठवड्याला विचारते,
मूळची कुठली गं तू?
माझं नाव कुमुदिनी. शाळेच्या हजेरीत कुमुद.
इथल्या बिल्ल्यावर कुम.
अजून एक अक्षर गेलं की नुसतं कु.,
लग्नाआधीची.

सात पुसला नाही.
तक्त्यावर ‘फळा स्वच्छ’पुढे खूण केली,
चार वर्षांतली पहिली खोटी.
टिशू खडूंच्या डब्याखाली ठेवला.

दुसऱ्या रात्री सात तिथेच होता.
त्याच्याखाली सरांनी लिहिलं होतं:
वाटेतल्या सगळ्याच मूळ.
आणि याला नववा आकडा लागत नाही,
कुठलाही लावून बघा.

सम आकडे आणि पाच तर उघडच गेले.
एक लावला, बेरीज एकोणचाळीस. तीनाने फुटली.
सात लावला, पंचेचाळीस. तीही.
राहिले तीन आणि नऊ.
सरांवर विश्वास आहे,
पण माझा मी भागाकार केल्याशिवाय
मला चैन पडायची नाही.

बसच्या तिकिटामागे जागा कमी आहे.
चालकाकडून अजून एक तिकीट मागून घेतलं.
एकतीस झाला. आता सदतीस.